स्प्रिंग कटार

औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला हात लांब करावा लागू लागला, म्हणून डोळे तपासायला गेलो होतो. बाकी काही तक्रार नव्हती. हनुवटी प्लॅस्टिकच्या खोबणीत, कपाळ पट्ट्याला टेकवलेलं, समोरून येणारी उजेडाची उभी फट, आणि पलीकडे श्वास रोखून बघणारी एक तरुण डॉक्टर. खंडव्याकडची, आमच्यासारखीच हिंदीत घोळलेली मराठी बोलणारी. डावा डोळा तिने झटकन उरकला. उजव्यावर मात्र रेंगाळली. "खाली बघा काका... अजून खाली." वरची पापणी अंगठ्याने उचलून धरली, मग कापसाच्या काडीवर उलटी करून आतून पाहिली. पापणी उलटताना जी एक गार शिरशिरी मानेपर्यंत जाते ती मला ओळखीची वाटली, पण कुठली ते आठवेना. तिने पापणी सोडली, खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, "लहानपणी तुमचे डोळे फार खाजायचे का हो?"

मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो. हाताची रेषा बघणाऱ्याने नेमकं काहीतरी सांगावं तसं झालं. ती हसली, मोबाइल त्या यंत्राच्या भिंगाला लावून तिने एक फोटो काढला आणि मला दाखवला. बुबुळाच्या वरच्या कडेला एक राखाडी कमान, आणि त्या कमानीतून खाली उतरलेले चारपाच धागे. केसाहून बारीक, फिकट, मध्येच फाटे फुटलेले. "ही कमान म्हातारपणी येते तशी दिसते, पण तुमची म्हातारपणाची नाहीये, लहानपणाची आहे. आणि हे धागे म्हणजे घोस्ट व्हेसल्स. इथे तेव्हा रक्तवाहिन्या आल्या होत्या. आता त्यातनं रक्त वाहत नाही. नळ्या तेवढ्या राहिल्यात."

चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

आमचं घर तेव्हा इंदूरच्या रामबागेत होतं. होळी पेटली की माझे डोळे सुरू व्हायचे आणि पहिला दणकून पाऊस पडेपर्यंत थांबायचे नाहीत. खाज हा शब्द त्याला अपुरा आहे. वरच्या पापणीच्या आत कुणी बारीक खडी पसरून ठेवली आहे आणि पापणी तिच्यावरून घासतेय, असं. चोळलं की क्षणभर स्वर्ग, आणि मग दुप्पट आग. सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा चिकट पदार्थ निघायचा, दोन बोटांनी ओढला तर पाकाच्या तारेसारखा लांब येणारा. घाण वाटेल वाचताना, पण मला त्या वयात ते ओढण्यात एक विलक्षण समाधान होतं हे खोटं कशाला बोलू. उजेड सहन व्हायचा नाही. शाळेत सगळ्यांना वाटायचं याचे डोळे आलेत, म्हणून दाराजवळच्या बाकावर एकटा. "क्या भिया, रातभर रोया क्या?" हा प्रश्न मी मार्च ते जून रोज ऐकला आहे. आई रात्री माझ्या दोन्ही हातांत बाबांचे जुने मोजे चढवून मनगटाला नाडीने बांधायची, झोपेत चोळू नये म्हणून. आजीचं निदान एकच, उष्णता. गुलाबपाणी, शेळीच्या दुधाचा बोळा, सब्जा. त्यातलं गुलाबपाणी खरंच बरं वाटायचं, कारण ते माठाला टेकवून ठेवलेलं असायचं.

आणि रंगपंचमी. इंदूरच्या माणसाला गेर म्हणजे काय ते सांगायची गरज नाही; बाकीच्यांसाठी, रंगपंचमीची रंग उधळत निघणारी मिरवणूक. टोरी कॉर्नरहून निघालेली गर्दी राजवाड्याकडे सरकते तेव्हा वर आकाश दिसत नाही, गुलालच दिसतो. मी तो सगळा माडीवरच्या खिडकीच्या फटीतून पाहिलाय, तोंडावर ओला पंचा घेऊन. खाली भावंडं रंगून ओळखू येईनाशी झालेली, आणि मी वर, न रंगता सगळ्यांत लाल.

पुढे बाबा मला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी आगकाडीवर पापणी उलटली (ती शिरशिरी! आत्ता आठवली) आणि चिठ्ठीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. बाबांनी घरी येऊन जाहीर केलं, "स्प्रिंग कटार आहे." कॅटार (म्हणजे सुजून पाझरणं) या शब्दाचा त्यांनी केलेला तो उच्चार घरात कायम झाला. आत्या पत्रातून विचारायची, मुलाची कटार कशी आहे. शास्त्रीय नावातही वसंतच आहे, व्हर्नल म्हणजे वासंतिक. आमच्या बालभारतीत वसंत ऋतू यायचा तो कोकिळा आणि आंब्याचा मोहोर घेऊन. माझ्याकडे तो कटार घेऊन यायचा. उष्ण, कोरड्या, धुळीच्या मुलखात हा ॲलर्जीचा आजार जास्त, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त, आणि मिसरूड फुटायच्या सुमाराला बहुतेकांचा आपोआप जातो. माझाही गेला. अकरावीत असताना एक उन्हाळा असाच आला आणि गेला, आणि मी चोळायला विसरलो. घरातले मोजे परत पायात गेले.

गेला म्हणजे गेला, अशी माझी समजूत होती. त्या फोटोने ती मोडली. माझं आयुष्य हिशेब लिहिण्यात गेलं. बंद झालेल्या खात्यात शिल्लक दिसली तर मला झोप येत नाही. म्हणून त्या रात्री वाचायला बसलो, आणि पुढचे पंधरा दिवस बसतच राहिलो.

गोष्ट १८७८ पासून सुरू होते. पॉल एर्लिख नावाचा चोवीस वर्षांचा विद्यार्थी लाइपझिगला प्रबंध लिहीत होता. त्याला रंगांचं वेड. कापड रंगवायचे नवे कृत्रिम रंग तेव्हा बाजारात येत होते, ते तो शरीराच्या पातळ कापांवर ओतून बघायचा की कुठली पेशी कुठला रंग धरते. काही पेशी अशा निघाल्या की त्यांच्या पोटात दाणेच दाणे भरलेले, आणि निळा रंग टाकला तरी ते दाणे जांभळे व्हायचे. त्याला वाटलं या खाऊन खाऊन फुगल्या आहेत, म्हणून नाव दिलं मास्ट सेल. जर्मनमध्ये मास्ट म्हणजे जनावराला चारून पुष्ट करणं. ते दाणे अन्नाचे नव्हते, खाज-सूज आणणाऱ्या हिस्टामिन वगैरेंचा दारूगोळा होता, हे कळायला पुढे कित्येक दशकं गेली. पण एक गोष्ट त्याने तेव्हाच टिपली होती: या पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने बसलेल्या असतात. पुढच्याच वर्षी त्याला दुसरी एक जात सापडली, इओसिन नावाचा लाल रंग आवडीने पिणारी. ती इओसिनोफिल. इओस म्हणजे ग्रीकांची उषा. म्हणजे माझ्या पापणीत जे लष्कर उतरलं होतं त्यात एक पलटण चारून माजलेली आणि दुसरी पहाटेच्या रंगाची. एवढं देखणं नाव असलेल्या पेशीने इतकं छळावं!

मला जे माहीत होतं, आणि ॲलर्जीची गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला साधारण माहीत असतं, ते पहिल्या काही मिनिटांचं. परागकण किंवा धूळ आली, मास्ट सेलच्या अंगावर आयजीई नावाची प्रतिपिंडं आधीच टपून बसलेली, ती चाळवली, पेशी फुटल्यासारखी रिकामी झाली, हिस्टामिन सांडलं. आहेत त्या रक्तवाहिन्या फुगल्या, पाझरल्या. डोळा लाल. काही तासांनी इओसिनोफिल आणि त्यांच्याबरोबरच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचीच एक जात) पोचतात आणि मुक्काम ठोकतात. लाल होणं म्हणजे रागाने तोंड लाल होणं, तेवढ्यापुरतं. राग गेला की उतरणार. असं मला वाटायचं.

पण हे पाहुणे मुक्काम लांबला की बांधकाम काढतात.

मास्ट सेल आणि इओसिनोफिल, दोघांच्या शिदोरीत व्हीईजीएफ नावाचं एक प्रथिन असतं. त्याचा इतिहास मला फार आवडला. १९८३ मध्ये बॉस्टनला हॅरल्ड ड्वोराक यांच्या गटाला कर्करोगाच्या गाठींमधून एक पदार्थ मिळाला, जो रक्तवाहिन्या पाझरायला लावायचा, हिस्टामिनपेक्षा कितीतरी जोरात. त्यांनी पाझरण्यावरूनच त्याचं नाव ठेवलं. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिओने फेरारा यांना रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवणारा एक पदार्थ मिळाला. त्यांनी वाढीवरून नाव ठेवलं. पुढे बघतात तर दोन्ही एकच. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, बाई तीच. आणि दोन्ही नावं खरी, कारण ती दोन्ही कामं करते: नळी वाढवते आणि गळतीही करते.

ते काम चालतं कसं ते वाचताना मी चहा गार करून टाकला. मास्ट सेलच्या पोटातलं ट्रिप्टेज नावाचं पाचक द्रव्य आजूबाजूचा ऊतींचा चुना-माती सैल करतं. व्हीईजीएफचा वास लागला की जुन्या रक्तवाहिनीच्या भिंतीतली एक पेशी पुढे सरसावते, बोटांसारखे बारीक तंतू काढून चाचपडत त्या वासाच्या दिशेने जाते. तिच्या मागच्या पेशी दुणावत तिचा पाठलाग करतात, मध्ये पोकळी होते, आणि नवी नळी तयार. घाईत झालेली, सांधे नीट न बसलेली, म्हणून झिरपणारी. माझ्या डोळ्यासमोर आमच्या बायपासकडच्या अवैध कॉलन्या आल्या. १९७८ मध्ये जलूदहून नर्मदा इंदुरात आली, आणि तेव्हापासून शहर जिकडे वाढलं तिकडे कुणी ना कुणी मुख्य लाइनला रात्रीतून जोड मारत आलंय. पाणी पोचतं, आणि सगळ्या गल्लीत वर्षभर चिखल असतो. महापालिका बांधते तशी पक्की लाइन ही नव्हे. आणि नव्या नळीचा आणखी एक गुण: तिच्या आतल्या भिंतीला इओसिनोफिल चिकटून बाहेर पडू शकतील अशा खुंट्या भरपूर असतात. म्हणजे पेशी रस्ता काढतात, त्याच रस्त्याने आणखी पेशी येतात, त्या आणखी रस्ता काढतात. मी चोळायचो तेव्हा या सगळ्याला माझी मदतच होत होती. ॲलर्जी नसतानाही नुसत्या घासण्याने मास्ट सेल आपला माल सांडतात, आणि इथे तर त्या आधीच बंदुकीचा घोडा ओढून बसलेल्या. आईचे मोजे आजीच्या शेळीच्या दुधापेक्षा जास्त शास्त्रीय होते, हे आता कबूल करायला हवं.

पण बुबुळावरची ती पारदर्शक काच, कॉर्निया, तिथे रक्तवाहिनी मुळात जात नाही. गेली तर दिसणार कसं? ती काच रक्तवाहिन्यांपासून मोकळी ठेवण्यासाठी शरीराने काय युक्ती केली आहे ते २००६ मध्ये अंबाटी बंधूंच्या गटाने दाखवलं. त्यातला बालमुरली अंबाटी म्हणजे १९९५ मध्ये सतराव्या वर्षी डॉक्टर झालेला तोच मुलगा. आमच्या घरी त्याच्या बातमीचं कात्रण धाकट्या चुलतभावाच्या टेबलावर बाबांनी चिकटवलं होतं, त्या बिचाऱ्याने त्याचा सूड इंजिनिअर होऊन घेतला. तर कॉर्निया स्वतःच एक सुटं प्रथिन बनवून ठेवतो, जे व्हीईजीएफला वाटेतच पकडून निकामी करतं. उंदरांमध्ये ते काढून घेतलं तर काचेत रक्तवाहिन्या शिरल्या. आणि मॅनेटी नावाचा जो पाण्यात राहणारा, गायीसारखा संथ चरणारा प्राणी आहे, त्याच्या कॉर्नियात हे प्रथिन नसतं. त्याच्या बुबुळावर जन्मजात रक्तवाहिन्या. माझ्या उजव्या डोळ्याच्या वरच्या कडेला, खडबडीत पापणी रोज हजारदा घासत होती तिथे, हा पहारा हरला. चारपाच नळ्या आत घुसल्या. थोडक्यात थांबल्या, बाहुलीपर्यंत पोचल्या नाहीत.

त्या का थांबल्या, इथे मला माझा जुना राग परत तपासावा लागला. डॉक्टरांच्या चिठ्ठीतले थेंब पंधरा दिवसांसाठी होते. ते टाकले की दुसऱ्या दिवशी डोळा कवडीसारखा पांढरा. जादूच. मग दर होळीला आई कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून तीच बाटली चिठ्ठीशिवाय आणायला लागली, दुकानदार द्यायचा, आणि आम्ही महिनोन्महिने टाकायचो. स्टिरॉइड होतं ते. त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो, आधी दाब मोजत राहायला हवा, हे ना त्या डॉक्टरांनी नीट सांगितलं, ना दुकानदाराने. माझ्यासारख्या किती मुलांची नजर अशा बाटल्यांनी नेली असेल या विचाराने मी तरुणपणी फार चिडायचो. या वेळी त्या तरुण डॉक्टरने दाब मोजला, हवेची ती फुस्स झाली, आणि आकडा ऐकेपर्यंत माझ्या हाताला घाम होता. सोळा. ठीक. मी सुटलो. आणि आता वाचतो तर स्टिरॉइड जसं खाज थांबवतं तसंच या नव्या नळ्यांचं कामही बंद पाडतं. म्हणजे ज्या बाटलीवर मी राग धरून होतो तिनेच बहुधा त्या नळ्या अर्ध्या वाटेत सुकवल्या. आता रागावू की नको? तिचं घेणं किती आणि देणं किती हे अजून मला लागत नाही. ताळेबंद जुळत नाही आणि मी तो तसाच सोडलाय.

वाचता वाचता गाडी आईच्या दम्यावर आली. बाबा छावणीच्या मंडीत एका आडत्याकडे होते, आणि माळव्यात सोयाबीन आलं ते आमच्या घरात बाबांच्या सदऱ्यावरून आलं. कार्तिकात ते संध्याकाळी घरी आले की आई मागच्या अंगणात सदरा झटकायची. पिवळसर धूळ उन्हात तरंगताना मी पाहिली आहे. तिचा दमा त्यानेच झाला असं मी म्हणणार नाही, तिच्या आईलाही होता. पण बार्सिलोनाचं वाचून अंगावर काटा आला. १९८१ ते १९८७ या काळात तिथे २६ वेळा असं झालं की एकाच दिवशी शहरभरची माणसं दम्याने गुदमरत इस्पितळात आली. शेवटी सापडलं की ते दिवस बंदरात सोयाबीन उतरवायचे होते. कोठाराला धूळ अडवणारी गाळणी बसवली आणि लाटा थांबल्या. आईला कुठली गाळणी? पदर.

आणि दम्यातही तेच बांधकाम. नुसत्या सौम्य दम्याच्या माणसाच्या श्वासनळीच्या अस्तराचा तुकडा घेतला तरी त्यात निरोगी माणसापेक्षा जास्त रक्तवाहिन्या सापडतात. त्या झिरपतात, अस्तर ओलीने फुगतं, आणि श्वासाची वाट आतूनच अरुंद होते. धाप लागलेली नसते तेव्हाही त्या तिथे असतात. ओढायच्या स्टिरॉइडने त्या हळूहळू कमी होतात, पण रोज ओढलं तर. आणि आईचं, तिच्या पिढीतल्या बहुतेकांचं, ठरलेलं आहे: त्रास असेल तर पंप, बरं वाटलं की पंप कपाटात, कुंकवाच्या डबीशेजारी.

त्या रविवारी मी तिला फोटो दाखवला. ती खिडकीपाशी खुर्चीत, समोर मेथी निवडायला घेतलेली. बोटं धुऊन, पदराला पुसून तिने मोबाइल हातात घेतला. दोन्ही मोतीबिंदू काढल्यापासून तिला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. "हा तुझा डोळा?" मी सगळं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून, मोज्यांचं श्रेय देऊन. बाटलीचं सांगितलं नाही. ती बराच वेळ त्या धाग्यांकडे बघत होती.

"मागच्या भिंतीतला पिंपळ आठवतो?" ती म्हणाली. रामबागेच्या घराला मोरीच्या वर पिंपळ उगवला होता. बाबांनी तो दर वर्षी उपटला, एकदा ब्राह्मणाला विचारून तेजाबही ओतलं. घर पाडलं त्या दिवशी आम्ही सगळे बघायला गेलो होतो. भिंतीचा गिलावा पडला आणि आत, विटांच्या सांध्यासांध्यातून, मुळांची जाळी. वाळलेली, राखाडी, माडीपर्यंत गेलेली. वर एक पानही नव्हतं. "अगदी तश्शी दिसतायत," ती म्हणाली आणि मोबाइल परत दिला.

डॉक्टरला मी निघताना विचारलं होतं की या रिकाम्या नळ्यांचं आता काय. काही नाही, ती म्हणाली होती, राहू देत. फक्त डोळ्याला पुन्हा मोठी सूज आली तर नवी नळी काढायला वेळ लागतो, या मात्र लगेच भरतात. हे मी आईला सांगितलं नाही, पण मेथीच्या काड्या गोळा करता करता विचारलं, "पंप घेतलास सकाळी?"

"आज बरं आहे मला," ती म्हणाली.

मी उठून कपाट उघडलं.